फूड पँट्रीतल्या कामातून जे मिळते, त्याला अध्यात्म म्हणावे का?

मध्यान्ह (धागालेखक) :

फूड पँट्री म्हणजे गरजू कुटुंबांना घरी नेऊन शिजवता येईल असा शिधा मोफत देणारे केंद्र. शिजवलेले अन्न वाढणारी अन्नछत्रे वेगळी, आणि घाऊक प्रमाणात अन्न गोळा करून अशा केंद्रांना पुरवणाऱ्या फूड बँका वेगळ्या. मी बऱ्याच काळापासून अशा एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून जात आहे. तिथल्या कामातून उभा राहिलेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावा, असे वाटल्याने हा धागा काढला आहे.

केंद्रात येणारा जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवक केव्हा ना केव्हा म्हणतो, की आपण देतो त्यापेक्षा आपल्यालाच अधिक मिळते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु जे मिळते ते नेमके काय, असे विचारले की उत्तरे मोघम होऊ लागतात : मन शांत होते, स्वतःच्या अडचणी लहान वाटतात, दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. यांपैकी बरेचसे सकाळी लांब फिरून आल्यावर किंवा एखादे रेंगाळलेले काम हातावेगळे केल्यावरही मिळते. मग ज्याला आध्यात्मिक म्हणता येईल असे काही या कामात खरोखर आहे का, की बरे वाटण्यालाच आपण मोठे नाव देत आहोत?

दुसरी गोष्ट अशी, की बाहेरून पाहणाऱ्याला हे काम म्हणजे 'देणे' वाटते. प्रत्यक्षात देण्याचा भाग त्यात फार थोडा असतो. माल उतरवणे, खोकी फोडणे, प्रत्येक डब्यावरची तारीख शोधणे (ती दिसणार नाही अशा जागी छापण्याची कला उत्पादकांनी चांगलीच आत्मसात केली आहे), फुटकी पाकिटे बाजूला काढणे, मांडण्या भरणे, नोंदी ठेवणे आणि शेवटी फरशी पुसणे, यातच बहुतेक वेळ जातो. मागच्या खोलीत तारखा तपासणाऱ्याला शिधा नेणाऱ्या माणसाचा चेहराही दिसत नाही. अर्थ जर देण्याघेण्याच्या त्या क्षणातच असेल, तर मागच्या खोलीतल्या माणसाच्या वाट्याला काय येते?

गीतेच्या सतराव्या अध्यायातील २० ते २२ हे श्लोक या संदर्भात मला वारंवार आठवतात. द्यायला हवे म्हणून, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, अथवा जिवावर येऊन दिलेले राजस. आणि अस्थानी, अवेळी, किंवा आदर न करता, तुच्छतेने दिलेले तामस. हे तीनही प्रकार मी एकाच टेबलामागे, एकाच दिवशी पाहिले आहेत. माझी अडचण मधल्या प्रकाराशी आहे. मनःशांती मिळावी म्हणून मी तिथे जात असेन, तर तीही फळाची आशाच नव्हे का? आणि तशी आशा असल्यास, सेवेतून अध्यात्म शोधण्याचा प्रयत्नच त्या सेवेला खालच्या पायरीवर आणतो, असे म्हणावे लागेल.

सरळरेषा :

हा प्रश्न मला काहीसा अनावश्यक वाटतो. खोकी आली आहेत, ती उतरवायची आहेत. उतरवणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले आहे, यावरून आतल्या धान्याचे वजन बदलत नाही. मीही असे काम करतो, आणि घरी आल्यावर मला काय मिळाले याचा हिशेब मांडत नाही. ज्यांना हे अध्यात्म वाटते त्यांनी तसे म्हणावे, ज्यांना वाटत नाही त्यांनी म्हणू नये. केंद्र वेळेवर उघडले म्हणजे झाले.

मध्यान्ह :

सरळरेषा, तुमची भूमिका मला मनापासून आवडते. परंतु ती उत्साहाच्या दिवसांत पुरते. ज्या दिवशी जावेसे वाटत नाही, बाहेर पाऊस असतो, मागच्या वेळी कोणी तरी अकारण चिडून बोललेले असते, त्या दिवशी माणूस कशाच्या आधारावर जातो? तो आधार काय आहे, हे जाणून घेण्याची इच्छा म्हणजे हिशेब मांडणे नव्हे.

पोथीपान :

धागालेखकांनी गीतेचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडी भर घालतो. अन्नदानाविषयी जुन्या ग्रंथांत जे म्हटले आहे, ते एकत्र ठेवून वाचले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : या सर्वांना घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची काळजी अधिक आहे. देणारा बिघडेल, ही भीती त्यांत सर्वत्र आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त घ्या. त्याची सुरुवातच अशी आहे, की देवांनी मृत्यू केवळ भुकेच्या रूपाने दिलेला नाही, पोटभर जेवलेल्यालाही तो निरनिराळ्या वाटांनी गाठतोच. पुढे संपत्ती रथाच्या चाकांप्रमाणे फिरते, आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे जाते, असे म्हटले आहे, आणि एकटा खाणारा केवळ पापाचा धनी होतो, हे प्रसिद्ध वचन त्याच सूक्तात येते. येथे भुकेल्या माणसाचे वर्णन करुणा उत्पन्न करण्यासाठी केलेले नाही. भरल्या पोटाच्या माणसाला त्याचे स्थान किती तात्पुरते आहे, हे सांगण्यासाठी ते आले आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य शिष्याला निरोप देताना सांगतात, की श्रद्धेने द्यावे, आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि लाजत, भीत द्यावे. देणाऱ्याने लाजावे, ही अपेक्षा आजच्या स्वयंसेवेच्या व्यवस्थेत किती दूरची झाली आहे, याचा विचार करावा. आपण देणाऱ्याला प्रशस्तिपत्र देतो आणि लाजण्याचे काम घेणाऱ्यावर सोपवतो.

कुराणाच्या ७६ व्या सूरेत गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालणारे म्हणतात, की आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको आणि आभारही नकोत. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात दान करताना उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू नये, अशा अर्थाची शिकवण आहे. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्रकार मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत अगदी खालची पायरी नाखुशीने देण्याची आहे. वरून दुसऱ्या पायरीवर देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. यासाठी त्यांनी जेरुसलेमच्या मंदिरातील एका खोलीचा दाखला दिला आहे, जिथे देणारे गुपचूप ठेवून जात आणि गरजू गुपचूप घेऊन जात. मध्यान्ह यांना मागच्या खोलीतल्या माणसाची चिंता वाटते. या हिशेबाने तोच सर्वांत वरच्या जागेजवळ उभा आहे.

उलटतपासणी :

पोथीपान यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे. परंतु मैमोनिडीस यांची सर्वांत वरची पायरी त्यांनी सांगितली नाही. ती म्हणजे माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ न देणे. फूड पँट्रीत त्या पायरीचा मागमूस नसतो.

मला हा धागा वाचून थोडी अस्वस्थता वाटते आणि ती स्पष्ट सांगतो. जगातील पहिली फूड बँक म्हणून जिचा उल्लेख होतो, ती अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स येथे १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली. फ्रान्समध्ये १९८४ साली पहिली फूड बँक उभी राहिली आणि तिथून ही पद्धत युरोपभर पसरली. यांपैकी बहुतेक ठिकाणी सुरुवातीला ही तात्पुरती, अडीअडचणीची सोय मानली गेली होती. आज ती कायमची झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा १९ टक्के भाग. अन्न कमी आहे म्हणून लोक रांगेत उभे नाहीत. त्यांच्या हातात ते विकत घेण्यापुरते उत्पन्न नाही म्हणून उभे आहेत.

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने अकराव्या कलमात पुरेसे अन्न हा हक्क मान्य केला आहे. हक्काची वस्तू घेताना कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, आणि ती देणाऱ्यालाही कसला साक्षात्कार होत नाही. दर आठवड्याला शेकडो चांगली माणसे टेबलामागे उभी राहून समाधान घेऊन घरी जातात, तेव्हा ते समाधान व्यवस्थेला फार स्वस्तात पडते. जो राग तिच्यावर निघायला हवा, तो शांत होऊन बाहेर पडतो. तुमच्या आध्यात्मिक अनुभवाची किंमत कोण चुकवते, हाही प्रश्न या धाग्यात यायला हवा.

सरळरेषा :

राग आणि खोकी दोन्ही एकाच माणसाला उचलता येतात. मी अनेकांना तसे करताना पाहिले आहे.

आठवड्याची_पिशवी :

मी येथे सहसा फक्त वाचते. हा धागा मात्र अशा विषयावर आहे, ज्याची दुसरी बाजू मला प्रत्यक्ष ठाऊक आहे. घरातील कमाई थांबल्यानंतर काही काळ आमचे कुटुंब अशाच एका केंद्रातून मिळणाऱ्या शिध्यावर अवलंबून होते. ते दिवस मागे पडले आहेत. त्याविषयी मला कटुता नाही, परंतु तुमच्या चर्चेत टेबलाच्या या बाजूचे कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते.

तिथे पहिल्यांदा जाण्याआधी माणूस काय काय करून पाहतो, हे स्वयंसेवकांना क्वचितच माहीत असते. आधी घरातील खर्च कापले जातात, मग मोठी माणसे एक वेळचे जेवण टाळू लागतात, मग उधारी होते, मग नातेवाइकांना टाळणे सुरू होते. रांगेत उभा राहिलेला माणूस या सगळ्या पायऱ्या उतरून तिथे आलेला असतो. त्यानंतर त्याला एक कागद दिला जातो, ज्यावर मदतीची गरज का भासली, हे लिहायचे असते. आमच्या केंद्रात तो प्रश्न तोंडी आणि मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारला जात असे. विचारणारी व्यक्ती अत्यंत प्रेमळ होती. तिला माझे दुःख समजून घ्यायचे होते, आणि मला फक्त पिशवी घेऊन, मुले शाळेतून परतण्याच्या आत घरी पोहोचायचे होते.

गरजूत देव पाहावा, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणण्यामागचा हेतू मला समजतो. पण ज्याच्यात देव पाहिला जातो, त्याला त्या वेळी कसे वाटते, हे कोणी विचारले आहे का? मला तिथे देव व्हायचे नव्हते आणि कोणाच्या साधनेचे साधनही व्हायचे नव्हते. माझ्याकडे पाहून कोणाचे डोळे भरून आले, की मला माझी अडचण बाजूला ठेवून आधी त्या व्यक्तीला बरे वाटेल असे हसावे लागे. शिधा मोफत होता, हे खरे. परंतु ते हसणे मी दर वेळी मोजून देत असे. पोथीपान यांनी उल्लेखिलेल्या त्या खोलीविषयी वाचताना मला वाटले, की मी कोणत्याही ग्रंथाविना तीच खोली मागत होते.

तिथे एक स्वयंसेवक होते, ते जवळजवळ काहीच बोलत नसत. कधी आमच्या कुटुंबाची चौकशी केली नाही, कधी सांत्वन केले नाही. ते पिशवीत एकेक वस्तू ठेवताना फक्त विचारत, 'हे तुमच्याकडे वापरतात का, की याऐवजी दुसरे काही देऊ?' आणि उत्तराची खरोखर वाट पाहत. नको असेल तर वस्तू परत मांडणीवर जाई; चेहऱ्यावर नाराजी नसे. त्या काळात मला कोणी 'तुम्हाला काय हवे' असे विचारणे बंदच झाले होते. सगळीकडे मला काय मिळू शकते एवढेच सांगितले जाई. त्यांच्या मनात त्या वेळी अध्यात्म होते की घरी जाण्याची घाई, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणे मला फार सुखाचे वाटते.

उलटतपासणी यांच्या म्हणण्यातील बराचसा भाग मला पटतो, परंतु एक सांगते : मूळ कारणे दूर होईपर्यंत संध्याकाळचे जेवण थांबत नाही. रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही ते केंद्र बंद व्हावे असे वाटत नव्हते.

मध्यान्ह :

तुमच्या प्रतिसादानंतर माझा मूळ प्रश्नच मला वेगळा दिसू लागला आहे. मला काय मिळते, असे विचारताना ते कोणाकडून मिळते, याकडे माझे लक्ष नव्हते. समोरच्या माणसाने हसून, आभार मानून, किंवा नुसते आपले दुःख दाखवून मला जे द्यावे, त्यालाच मी आध्यात्मिक लाभ समजत असेन, तर तो लाभ त्याच्या पिशवीतूनच काढून घेतलेला ठरतो.

उलटतपासणी :

आठवड्याची_पिशवी, तुमचा शेवटचा परिच्छेद मान्य आहे. केंद्रे बंद करावीत, असे मला सुचवायचे नव्हते.

फिनिक्सच्या ज्या फूड बँकेचा उल्लेख मी वर केला, तिच्या उगमाची कथा तुमच्या अनुभवामुळे आठवली. व्हॅन हेंगल तेव्हा एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून खाण्याजोगे निवडून आपल्या मुलांचे पोट भरणाऱ्या एका आईशी त्यांची भेट झाली. जसे पैसे बँकेत ठेवतात आणि लागतील तसे काढतात, तसे टाकले जाणारे अन्न ठेवण्याची जागा असायला हवी, ही कल्पना त्या बाईंची, असे तीच संस्था सांगत आली आहे. संस्थापकांचे नाव सर्वत्र आढळते. त्या बाईंचे नाव या कथेत सहसा येत नाही. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेची मूळ कल्पना घेणाऱ्याकडून आली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या आपण घेणाऱ्याला काय वाटते हे अंदाजाने ठरवत राहिलो.

साठ्याची_वही :

मी एका केंद्राच्या साठ्याचे नियोजन पाहतो. तात्त्विक चर्चेत भर घालण्याची माझी पात्रता नाही, परंतु मध्यान्ह यांच्या मागच्या खोलीत माझे आयुष्य जाते, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो. थोडे लांबेल.

वेष्टनावर दोन प्रकारच्या तारखा असतात आणि नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी हेच शिकवावे लागते. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही दर्जाची तारीख असते. ती उलटली तरी कोरडा माल, नीट बंद आणि नीट ठेवलेला असेल, तर पुढे काही काळ खाण्याजोगा असू शकतो, फक्त चव किंवा कुरकुरीतपणा कमी होतो. अर्थात तो वाटता येतो की नाही, हे त्या त्या ठिकाणचे नियम ठरवतात. 'या तारखेपर्यंतच वापरावे' ही सुरक्षिततेची तारीख असते आणि तिच्यापुढे सवलत नाही. डबा फुगलेला असेल, गळत असेल किंवा जोडावर खोल चेपला असेल, तर तो टाकायचाच, कारण हवाबंद डब्यात वाढणाऱ्या क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष जीवघेणे असते आणि वासावरून किंवा रंगावरून ते कळेलच असे नाही. ज्याची तारीख आधी संपते तो माल पुढे आणि उशिरा संपते तो मागे, ही मांडणी रोज नव्याने करावी लागते, कारण नवा माल ठेवणारा घाईत तो पुढेच ठेवतो.

याचा अध्यात्माशी काय संबंध, असे कोणी विचारेल. दात्यांकडून जे येते, त्यात लोकांच्या घरात पडून राहिलेले, कोणालाच नको असलेले बरेच असते. ते हातात घेऊन माणूस क्षणभर विचार करतो, की मोफत तर द्यायचे आहे, चालेल. त्या 'चालेल'पाशी सगळा प्रश्न येऊन थांबतो. हे मी माझ्या घरी उघडले असते का, असे विचारून उत्तर नकारार्थी आले तर ते बाजूला ठेवायचे, हे वाटते तितके सोपे नाही, कारण मांडणी आधीच अर्धी रिकामी असते आणि कोणीही पाहत नसते. ज्याला हे काम खोल नेते असे म्हणतात, तो माणूस मी टेबलापाशी कमी आणि या ठिकाणी जास्त पाहिला आहे. न दिसणाऱ्या माणसाच्या ताटाविषयी तो मागच्या खोलीत एकटा निर्णय घेत असतो.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. जे अनुभव घेण्यासाठी येतात, ते सणासुदीला गर्दी करतात. त्या दिवसांत आम्हाला माणसे जास्त होतात आणि कामे शोधून द्यावी लागतात. वर्षाच्या मधल्या, कोणाच्याच लक्षात नसलेल्या महिन्यांत मांडण्या रिकाम्या होतात, आणि तेव्हा जे येतात त्यांच्याकडून मी आध्यात्मिक समाधानाविषयी फारसे ऐकलेले नाही. विचारले तर ते विषय बदलतात. त्यांना काही मिळत नसेल असे मला वाटत नाही. ते त्याकडे पाहत नसावेत.

सर्वांत अवघड क्षण देण्याचा नसतोच. माल संपतो आणि रांगेत माणसे उरतात, तेव्हा बाहेर जाऊन 'आज संपले' असे सांगावे लागते. या कामातून मन शांत होते, असे म्हणणाऱ्याने हे काम एकदा करावे. त्या दिवशी मन शांत होत नाही, आणि ते होऊही नये, असे माझे मत आहे.

पोथीपान :

साठ्याची_वही, तुम्ही पात्रता नाही असे लिहिलेत, परंतु तुम्ही जे लिहिले तेच तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत जवळजवळ त्याच क्रमाने आले आहे. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ करावे, अशी व्रते तिथे एकामागून एक सांगितली आहेत. पुढे, आश्रयाला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, असे व्रत सांगून लगेच म्हटले आहे, की म्हणून कोणत्याही रीतीने पुष्कळ अन्न मिळवावे. हे 'म्हणून' मला फार मोलाचे वाटते. परत न पाठवण्याचे व्रत नुसत्या चांगल्या भावनेने पाळता येत नाही, त्यासाठी कोठार भरलेले असावे लागते. म्हणजे साठ्याचे नियोजन, दात्यांना केलेले कंटाळवाणे दूरध्वनी आणि तुमची ती वही, हे सगळे व्रताचेच अंग ठरते.

मध्यान्ह यांच्या पहिल्या शंकेविषयी बौद्ध परंपरेतील एक विचार उपयोगी पडेल. महायान ग्रंथांत दानाची शुद्धी तिहेरी सांगितली आहे : देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, या तिन्हींविषयी आसक्ती किंवा वेगळेपणाची धारणा उरू नये. आपण साधारणपणे वस्तूवरची आसक्ती सोडतो आणि 'मी देणारा' ही धारणा जपून ठेवतो. आठवड्याची_पिशवी यांनी वर्णिलेल्या त्या अबोल स्वयंसेवकांकडे कदाचित ती धारणा सोडण्याची एक साधी, व्यवहारी रीत होती. निवड समोरच्याकडे सोपवली, की देणारा आपोआप बाजूला होतो आणि सामान काढून देणारा माणूस तेवढा उरतो.

सरळरेषा :

सहमत आहे. अवांतर : मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो, फक्त संस्कृतविना.

उलटतपासणी :

साठ्याच्या वहीविषयी एक मुद्दा राहिला. तुमच्या नोंदींत किती कुटुंबे आली, किती परत गेली आणि कोणत्या महिन्यात काय संपले, हे लिहिलेले असते. ही माहिती एरवी कोणाजवळही नसते. नावे वगळून केवळ हे आकडे लोकप्रतिनिधींसमोर आणि वृत्तपत्रांसमोर सातत्याने ठेवले, तर 'आज संपले' हे वाक्य रांगेपुरते राहणार नाही. माझा आक्षेप स्वयंसेवकांनी शांत होऊन घरी जाण्याला होता. पाहिलेले नोंदवून ठेवणारा आणि ते पुन्हा पुन्हा सांगणारा स्वयंसेवक त्या आक्षेपाबाहेरचा आहे. त्याच्या मनात याला भक्ती म्हणत असतील, तर माझी हरकत नाही.

साठ्याची_वही :

परत गेलेल्यांची नोंद आम्ही आजवर ठेवत नव्हतो, फक्त दिलेल्या मालाची ठेवत होतो. ती सुरू करता येईल. त्यासाठी दाराशी एक माणूस जास्तीचा लागेल.

मध्यान्ह :

आमच्या केंद्रात भरून घ्यायच्या कागदाचा विषय पुढील बैठकीत येणार आहे. त्यात 'मदतीचे कारण' असा रकाना आहे, आणि तो मीच अनेकांना वाचून दाखवत आलो आहे. तो काढावा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. तयार पिशव्यांऐवजी लोकांनी मांडण्यांवरून स्वतः निवडून न्यावे, अशी व्यवस्थाही सुचवायची आहे. त्याला वेळ जास्त लागेल आणि जागा कमी पडेल, असा आक्षेप येणार हे निश्चित आहे. अनुभवी मंडळींनी याविषयी सांगावे.

साठ्याची_वही :

वेळ सुरुवातीला लागतो. पुढे तयार पिशव्या भरण्याचे काम वाचत असल्याने त्यातला बराचसा भरून निघतो. नको असलेला माल घरी जाऊन फेकला जात नाही, हा फायदा वेगळा. प्रत्येक गटातून कुटुंबाच्या आकारमानाप्रमाणे किती वस्तू घ्यायच्या, याची पाटी मांडणीवर लावा, म्हणजे स्वयंसेवकाला राखण करत उभे राहावे लागत नाही. जागा खरोखरच नसेल, तर वस्तूंची यादी द्या आणि खुणा करून घ्या. मागच्या खोलीतून त्याप्रमाणे पिशवी भरून येते. टंचाईच्या वस्तू मात्र, विशेषतः तान्ह्या बाळांचे दूध, मांडणीवर न ठेवता मागणीप्रमाणे द्या, नाहीतर उशिरा येणाऱ्या आईला ते कधीच मिळत नाही.

आठवड्याची_पिशवी :

कारणाचा रकाना काढत असाल तर फार चांगले. कुटुंबात माणसे किती, तान्हे बाळ किंवा आजारी व्यक्ती आहे का, आणि कोणाला एखादा पदार्थ वर्ज्य आहे का, एवढे विचारले तरी पुरते, आणि तेही कागदावर, मोठ्याने नव्हे. आणखी एक प्रश्न मात्र आवर्जून ठेवा, जो आम्हाला कधी विचारला गेला नाही : घरी शिजवण्याची आणि थंड ठेवण्याची सोय आहे का? आमचा गॅस मध्यंतरी बंद होता, आणि त्या काळात मिळालेले धान्य आम्ही शेजारी नेऊन शिजवत होतो. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही, त्यांच्यासाठी न शिजवता खाता येईल असा एक वेगळा कप्पा असावा, आणि तो दारापासून लांब नसावा, कारण ती माणसे फार वेळ थांबत नाहीत.